खिडकीवरची साय

३ जून

पोचले एकदाची! घाटातल्या वळणांनी पोटातलं सगळं ढवळून काढल्यावर शेवटी समुद्र दिसला, आणि टेकडीवर आमची अँटेना, भल्यामोठ्या पांढऱ्या थाळीसारखी. बसमधून उतरताना मी चक्क तिला हात केला. ड्रायव्हर हसला. येणारा प्रत्येक विद्यार्थी हेच करतो म्हणे.

आमची क्ष-किरण दुर्बीण, मिझुनागी, पृथ्वीभोवती फिरताना दिवसातून पाच वेळा या गावावरून जाते. दर फेरीत ती थोडी मिनिटं आमच्या टप्प्यात असते. तेवढ्यात तिनं जमवलेलं सगळं उतरवून घ्यायचं, तिची तब्येत बघायची आणि पुढच्या आज्ञा वर पाठवायच्या. हे काम निरनिराळ्या विद्यापीठांतले आम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी एकेक आठवडा पाळीनं करतो. ही माझी पहिली पाळी. सुदैवानं या आठवड्यात सगळ्या फेऱ्या दिवसाउजेडी आहेत, त्यामुळे झोपेचं खोबरं होणार नाही.

मुक्काम तोमिएकाकूंच्या घरगुती सराईत. त्यांच्या दारातल्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे जोडीनं फोटो आहेत, एक आल्या दिवसाचा आणि एक निघायच्या दिवसाचा. माझाही काढला. काकूंची तक्रार अशी, की पोरं येताना गुटगुटीत येतात आणि जाताना वाळक्या बोंबलासारखी जातात, आणि गाव मात्र काकूंच्या हाताला चव नाही म्हणून बोंबलतं. तेव्हा पानात टाकलेलं चालणार नाही, अशी तंबीच मिळाली.

आणि पानात आलं काय, तर शिओकारा! माकूळ माशाच्याच आतड्यांत मुरवलेले माकुळाचे तुकडे, गुळगुळीत, तपकिरी, शेंबडासारखी तार सुटणारे. मला जगात दोन गोष्टींची मनापासून किळस आहे. एक हा शिओकारा आणि दुसरी दुधावरची साय. शाळेत गरम दुधावर ती सुरकुतलेली कातडी ओठाला चिकटली, की मी वर्गाबाहेर पळायची. काकूंची पाठ वळल्यावर वाटीतला ऐवज रुमालात बांधला आणि मागच्या मांजराला घातला. मांजरानं मिटक्या मारल्या.

४ जून

आज पाचही फेऱ्या बिनचूक. अँटेना सांभाळणारे नागासाको म्हणजे साठीचा खटपट्या माणूस. दुर्बीण क्षितिजावर आली, की माहेरवाशीण आल्यासारखं 'या बाई, या' म्हणतात.

इथली एक पद्धत मला फार आवडली. आज्ञा पाठवण्याआधी खुर्चीतल्या माणसानं पडद्यावरच्या ओळीवर बोट टेकवून ती मोठ्यानं वाचायची. शेजारच्यानं त्याच ओळीवर बोट टेकवून 'बरोबर!' म्हणायचं. मगच बटण. रेल्वेतले लोक करतात तसंच. नागासाको त्यासाठी पांढरे हातमोजे घालतात. मी थट्टेनं म्हटलं, लग्नाला निघालात का? ते हसले नाहीत.

पडद्यावर त्या ओळीच्या जागी मात्र बोटांचा पिवळट, चिकट डाग आहे. स्पिरिटनं पुसून काढला. पाचव्या फेरीला पुन्हा तसाच. शी!

माझं खास काम 'साय' मोजायचं. नाव आमच्या लोकांनीच ठेवलंय, माझ्या नशिबाला. दुर्बिणीच्या गार डोळ्यासमोर एक अतिशय पातळ खिडकी आहे. यानातल्या गोंदाची, रंगाची वाफ अवकाशात हळूहळू सुटते आणि या खिडकीवर गोठते. रोज एकाच मेलेल्या ताऱ्याकडे बघायचं आणि त्याचा उजेड किती अडला, यावरून सायीची जाडी काढायची. ती फार झाली, की हीटर लावायचा. साय उडून जाते. सोपं आहे.

पण हिगाशिदा सरांनी हीटरला मनाई करून ठेवलीय. ही दुर्बीण त्यांची, शब्दही त्यांचाच. खिडकी फाटेल म्हणतात. आणि आलेखातली रेघ मात्र चढतेच आहे. इतक्या वर्षांनी गोंदाची वाफ संपायला हवी होती.

५ जून

कुठला उजेड किती अडतो, यावरून साय कशाची बनलीय तेही कळतं. कार्बन, ऑक्सिजन ठीक, गोंदात असतातच. आज नायट्रोजन निघाला, भरपूर. मग थोडं गंधक, थोडं मीठ. आणि कॅल्शियम, फॉस्फरस. गोंदात हे कुठून येणार? गणित पुन्हा केलं. तेच आलं.

जेवणाच्या सुट्टीत नागासाकोंना विचारलं. त्यांनी डबा बाजूला सारला. मग बोलले.

ही खिडकी फुजिएदा नावाच्या मुलानं बनवली. हिगाशिदा सरांचा लाडका विद्यार्थी. त्याला पोटाचा रोग झाला. शेवटी घोटभर पेजही टिकेना, नुसता सापळा उरला. आधी मात्र खाण्याचा भारी शौकीन. तोमिएकाकूंचा शिओकारा वाटी चाटूनपुसून खायचा आणि वर आणखी मागायचा. उड्डाणाआधीच गेला. दहनानंतर रिवाजाप्रमाणे त्याच्या अस्थी चॉपस्टिकनं उचलताना सरांनी एक तुकडा मागे ठेवला. कुटून पूड केली. आणि खिडकीची चौकट चिकटवताना ती गोंदात कालवली. त्याला वरून बघता यावं म्हणून.

जिथं एक केस गळला तरी बोंब होते, त्या धुतल्या-पुसल्या खोलीत हे झालं. नागासाको म्हणाले, सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोण बोलणार? बापासारखा माणूस रडत होता.

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.  पण माझा डबा तसाच बंद केला.

कॅल्शियमचा पत्ता लागला. पण जळलेल्या हाडात नायट्रोजन उरत नाही. आणि ती चिमूटभर पूड, ही साय त्याच्या कितीतरी पट. हिशेब लावला तर त्यातलं प्रमाण हाडाचं नाही. मांसाचं आहे.

६ जून

स्कर्ट कमरेवरून घसरतोय. आल्यादिवशी घट्ट होता. न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिले आणि उतरले. पुन्हा उभी राहिले. काकूंना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, लागली का तूही त्याच वाटेला!

उजव्या तर्जनीचं टोक सोललंय. खाली ओलं गुलाबी दिसतं. दुखत नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. पडद्यावरचा डाग आज मी वास घेऊन पाहिला. का घेतला कोण जाणे. न धुतलेल्या जखमेच्या पट्टीचा येतो तसा वास.

साय मोजायची वेळ बदलून पाहिली. एकदा फेरीआधी, एकदा फेरीनंतर. एरवी रेघ सपाट. वाढते ती फक्त फेरीत. मी खुर्चीत बसून बोट टेकवते तेव्हा.

तिसरी फेरी मी पोटदुखीचं निमित्त करून चुकवली. नागासाकोंनी नियमाला बगल देऊन एकट्यानं पार पाडली, हातमोजे घालून. रेघ सपाट.

सराईत आल्यावर भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले. निघतानाच्या प्रत्येक फोटोत उजवी तर्जनी मुठीत लपवलेली.

७ जून

नागासाकोंवर ओरडले. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसून नुसते मोजे चढवलेत! ते मान खाली घालून म्हणाले, आठवड्यानं काय होतं पोरी, थोडं थोडंच तर जातं, तुम्ही घरी जाऊन खाता-पिता आणि भरून येता. सरांना कोण तोडून बोलणार?

थोडं थोडं! पाळलेल्या माशाला चिमूटभर खाणं टाकल्यासारखं!

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. हीटरची परवानगी मागितली. वाटलं होतं, रागावतील, वेड्यात काढतील. ते हळूच म्हणाले, म्हणजे जेवतोय ना तो?

 मग ते गोड आवाजात सांगत राहिले. शेवटी त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं गं. आता कसा अंग धरतोय. पहिली दोन वर्षं मी स्वतः त्या खुर्चीत बसायचो, पण माझ्यात आता काही उरलं नाही. तू गुणी मुलगी आहेस. दोनच दिवस राहिलेत, पोटभर जेव.

सरांची मनगटं आठवली. भाषण देताना त्यांचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, आणि आम्ही मागच्या बाकावर हसायचो.

फोन ठेवल्यावर ओकारी आली. पाण्याबरोबर एक पातळ पांढरा पापुद्रा पडला.

८ जून, सकाळ

दात घासताना जिभेवर साय. बोटांनी सोलली. लांबच लांब निघाली. कोमट.

चहावर साय. पाण्यावरही. काकूंच्या पेल्यात काही नाही, फक्त माझ्या.

ठरलं. पहिल्याच फेरीत हीटर. सर गेले खड्ड्यात. पण नियमानं दुसऱ्याचं 'बरोबर' लागतं. नागासाकोंना म्हटलं, माझ्या आईला माझा सापळा तुम्ही पोचवणार आहात का? ते उठले. मोजे चढवून शेजारी येऊन बसले.

दुपार

केलं! मी ओळीवर बोट टेकवून वाचलं, खिडकीचा हीटर चालू. नागासाको एवढ्या मोठ्यानं 'बरोबर!' म्हणाले, की काच हादरली. बटण दाबलं. पुढच्या फेरीपर्यंत नखं खात बसले. आणि मग आकडे उतरले. साय शून्य. खिडकी नव्यासारखी स्वच्छ, मेलेला तारा लख्ख!

नागासाको रडले. म्हणाले, मोकळा झाला बिचारा. मी पण रडले. उद्या घरी!

संध्याकाळ

थंडी वाजतेय. जूनमध्ये. काकूंनी दोन गोधड्या दिल्या.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. साय उडते म्हणजे नाहीशी होत नाही. ती जवळ जे गार असेल त्यावर जाऊन बसते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं.

पण यानात त्या खिडकीइतकं गार काही नाही. मग बसली कुठे? वर कुठेच सापडत नाही.

ज्या वाटेनं वर गेली ती वाट दोन्ही बाजूंनी चालते. आकडे उतरले तेव्हा, घाईत मोजा न घातलेलं, उघडं बोट ओळीवरच होतं. माझं.

हात बर्फासारखे आहेत.

९ जून

पापण्या चिकटल्या होत्या. सोलल्या. त्याखाली आणखी एक थर —

अंगभर. पारदर्शक, ओलसर. ओढली की निघते, पण तिथं पुन्हा धरते. वास — अंत्यसंस्काराचा आणि माशाचा. आरशात बघवत नाही. माझाच चेहरा, पण कुणीतरी आतून नीट बसवतोय असा.

पाळी संपली. बस आहे. पण पाय —

काकूंनी ताट आणलं. शिओकारा होता. मी वाटी उचलली. मी नाही उचलली. चाटूनपुसून संपवली आणि वाटी पुढे केली. मला किळस आली, इतकी आली, की डोळ्यांतून पाणी आलं. पण जिभेला नाही आली. जीभ मिटक्या मारत होती.

काकू किती खूश झाल्या! म्हणाल्या, कितीतरी वर्षांनी कुणीतरी मागून घेतलं.

मग माझ्याकडे नीट बघितलं. आणि ताट तिथंच टाकून मागे सरकल्या.

दुपार

नागासाकोंनी दारातूनच सांगितलं. सर निघालेत. हीटरचं त्यांना कळलंय. रागावलेले नाहीत म्हणे. उलट फार आनंदात. बसनं येतायत. माझ्याशी बोलताना नागासाकोंनी मोजे काढले नाहीत.

ओठ जोडले गेलेत. कात्रीनं कापले. पुन्हा —

आईला फोन लावला. तिनं हॅलो हॅलो केलं. मला बोलता येईना. तिनं ठेवला.

अक्षर बघ. हे माझं अक्षर नाही. मी रेघा अशा ओढत नाही —

बस आली. आवाज ऐकला.

जिन्यावर पावलं. हलकी. सर किती हलके झालेत.

दाराबाहेर उभे आहेत. रडतायत. कुरिमोतो म्हणून हाक मारली नाही. माझं नाव कुरिमोतो आहे. कुरिमोतो चिहारु. लिहून ठेवते, कुरिमोतो चिहा —

ते विचारतायत, फुजिएदा, जेवलास का रे?

मी काही बोलले नाही. माझे ओठ बंद आहेत. मी बोटांनी चाचपून पाहिलं, बंद आहेत. तरी खोलीतून कुणीतरी म्हणालं, हो सर, पण अजून भू —