कंसातला बेडूक

२ मे, शनिवार
सुटी. संध्याचा लॅपटॉप उघडला. तिला जाऊन पाच महिने झाले, आणि नुसता पडून राहिला की बॅटरी खराब होते, म्हणून. बाकी काही नाही. माझं अगदी ठीक चालू आहे.

एक इंग्रजी मेल होती. संध्या कॉलेजातलं शिकवणं सांभाळून एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज करायची. म्हणजे दुसऱ्या कोणी लिहिलेला प्रोग्राम त्या सिस्टिमवर एका कमांडमध्ये बसेल अशी तयारी. तिच्याकडे एकच पॅकेज होतं: बेडूक डास खातो, तो खेळ. टोमास नावाचा परदेशी माणूस लिहितो, पॅकेज नव्या कंपायलरवर तयार होत नाही, मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, उत्तर देत नाही, महिनाअखेर काढून टाकू.

मेंटेनरपुढे संध्याचं नाव आहे. ते काढणार? मी तलाठी आहे. नाव कसं लागतं आणि कसं निघतं, हे मला कोणी शिकवू नये.

संकल्प: उद्यापर्यंत काम पूर्ण. एका बेडकाला असा किती वेळ लागणार?

३ मे
टोमासला उत्तर टाकलं. कामात होते, करून देते. खाली संध्याचं नाव. थोडक्यात आणि अदबशीर.

मग नागसेनला फोन केला. संध्याचा धाकटा भाऊ, अमरावतीला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कंपायलर म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो तो, म्हणे. बोलता बोलता मेलचं निघालं. तो म्हणाला, "भाऊजी, मयताची सही करून राहिले तुमी! अन् तलाठी कोन, तं तुमीच!"

ही सही नाही, टायपिंग आहे, असं त्याला स्पष्ट सांगितलं. तो हसला की रडला, फोनवर कळलं नाही.

५ मे
बिल्ड, म्हणजे पॅकेजची बांधणी, सुरू केलं. पडद्यावर ओळी अशा भराभर धावतात की मन प्रसन्न होतं. दुपारी लॅपटॉप तापून बंद पडला.

६ मे
युक्ती सुचली. कूलरचं तोंड खाटेवरून लॅपटॉपकडे वळवलं. काम जोरात. की-बोर्डवर थोडे तुषार उडतात, पण ते थंड आहेत.

खालच्या भागीरथाबाई डोकावल्या. "देवमनभाऊ, तुमी घामानं भिजून राहिले अन् त्या डब्ब्याले हवा काहून?"
सरकारी काम आहे, म्हणालो.
"सरकारले बी गरम होते का?"

१० मे
'चेकसम जुळत नाही.' आमच्याकडे मोजणी आणि नकाशा जुळत नाहीत, म्हणून आम्ही गाव काढून टाकतो का?

रात्री नागसेनने उलगडा केला. चेकसम म्हणजे मूळ फाइल बदलली नाही ना, हे तपासणारा आकडा. खेळाच्या मूळ फाइलमधली चूक मी हाताने दुरुस्त केली होती. मूळ फाइलला हात लावायचा नसतो म्हणे, दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये जोडायची. हे आधीच सांगायला पाहिजे होतं.

१७ मे
झालं! बांधलं गेलं! घरात एकटाच "हो!" म्हणून ओरडलो. पॅच मी लिहिला. नागसेनने फक्त काय लिहायचं ते सांगितलं. सगळं टोमासला पाठवलं आणि पेढे आणले.

भागीरथाबाईंनी विचारलं, "कोनाले काय झालं?"
"बेडूक."
त्यांनी पेढा हळूच परत ठेवला.

१९ मे
टोमास विचारतो, तुम्ही नक्की संध्याच ना? तिच्या मेलची सुरुवात चेष्टेने व्हायची, ही 'रिस्पेक्टेड सर'ने झाली आहे.

लिहावं लागलं. मयत. अख्ख्या दर्यापूर तालुक्यातल्या लोकांच्या नावांपुढे हा शब्द लिहिला असेल, तिच्या नावापुढे आज पहिल्यांदा.

टोमासने दुःख कळवलं. पॅकेज तुमच्या नावावर कराल का, असंही विचारलं.

२१ मे
मार्ग सापडला. सातबाऱ्यावर मयताचं नाव आपण खोडत नाही. त्याला कंस करतो आणि वारसाचं नाव खाली लावतो. तसंच केलं. वर कंसात संध्या, खाली देवमन. नाव जातही नाही आणि पॅकेज राहतं. त्या लोकांना हे इतक्या वर्षांत सुचलं नाही, याचं नवल वाटलं. रात्री फार छान झोप लागली.

२२ मे
कंसामुळे बिल्ड मोडलं. टोमासला सातबारा, वारस नोंद, फेरफार, सगळं उदाहरणं देऊन समजावलं. मेल बरीच लांब झाली. त्याचं उत्तर: पद्धत फार सुंदर आहे, पण आमच्या सिस्टिमला मेंटेनरच्या ओळीत कंस वाचता येत नाही.

२३ मे
नागसेन म्हणाला, "ताईले कंसात ठेवून काय करता, भाऊजी? तुमचं नाव टाका. बेडूक तरी जिता राहीन."
मी फोन ठेवला.
संकल्प: नाव काढणार नाही. विषय बंद.

३० मे
काढलं. बॅकस्पेस दाबून धरलं नाही. एकेक अक्षर.
माझं नाव टाकलं, पाठवलं. चहा उतू जाईपर्यंत मंजूर.

३१ मे, रविवार
'प्रिय देवमन' अशी पहिली मेल. ब्राझीलचा कोणी आहे. खेळ सुरू होतो, पण बेडूक जीभ बाहेर काढत नाही.

हा खेळ मी आजवर खेळलोच नव्हतो. वेळ कुठे होता? आज बसलो. डास आले, बेडूक बघत राहिला आणि उपाशी मेला. परत सुरू केला. परत मेला. जीभ स्पेसच्या बटणाने निघते. आता हे माझ्या पॅचमुळे की कूलरच्या पाण्यामुळे, ते कळायला मार्ग नाही. ब्राझीलवाल्याकडेही कूलर असू शकतो.

लॅपटॉप मिटला. कूलरचं तोंड खाटेकडे केलं, बादलीने त्यात पाणी भरलं आणि पडलो.