डाळिंबी कसर

गढा, जबलपूर
२४ मार्च १९६३

चि. ज्योतीस अनेक आशीर्वाद.

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं तुझ्या वडिलांचं कार्ड पोचलं. नातू सावळा आहे म्हणतात. असू दे, आमच्याकडे गोरं कोणी झालंच नाही. हे पत्र मात्र आईला जवळ बसवून वाच.

कारखान्यात ओव्हरटाइम चालूच आहे. घरात कसर झाली आहे. ब्लँकेटांच्या स्टोरात वीस वर्षं काढली, त्यामुळे हा किडा मी चांगला ओळखतो. गव्हाएवढं भुरकं पाखरू. दिव्याकडे येत नाही, अंधाराकडे पळतं. लोकरीत अंडी घालतं. अळी जी लोकर खाते तिच्याच धाग्यांची नळी अंगाभोवती विणते, ती ओढत भिंतीवर चढते, नळीतच कोष करते. बाहेर पडलेलं पाखरू काही खात नाही, अंडी घालून मरतं.

आपल्या घरातली लोकर सगळी करडी नि काळी. पण पंधरवड्यापूर्वी देवघराच्या भिंतीवर तुझ्या सासूबाईंना डाळिंबी नळ्या दिसल्या. सात होत्या. एक सरकत होती.

"हा रंग निळूच्या स्वेटरचा, ज्योतीनं विणलेल्या," ती म्हणाली. "पोरगा घरात येऊन राहिला, तुम्ही काहून मानत नाही?"

तेव्हापासून ती रोज त्याचं पान वाढते. काल मी फडकं घेऊन भिंत पुसायला गेलो तर हात धरला. "त्याला हुसकू नका जी." मला भीती वाटते, ज्योती. तिची नाही. तिचं खरं आहे, याची.

स्वेटर घरातच आहे, माझ्या पेटीत. तू नागपूरला गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी तार आली, मग पलटणीकडून त्याच्या सामानाचं पार्सल. आपला निळू चार डिसेंबरला तेजपूरच्या इस्पितळात वारला. तुला सहावा महिना होता. तू मोकळी होईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं, आणि इंदूला, तुझ्या सासूबाईंनाही, सांगितलं नाही. आज सकाळी पेटी उघडली. एक बाही उरलेली नाही. पाखरं उठली ती थेट माझ्या सदऱ्यात शिरली.

हे टपालात टाकून घरी जाईन आणि तिला सांगेन. कसं, ते ठाऊक नाही.

कार्डाच्या तळाशी तुझ्या दोन ओळी आहेत, "बारसं ते आल्यावर करू, नाव तेच ठेवतील." पोरी, थांबू नकोस. नाव तूच ठेव.

तुझा अपराधी,
मामंजी