क्लिप, कंबर आणि मार्लीन

३ मार्च, सोमवार
बायको, मार्लीन, बहिणीकडे जाऊन बसलीय. कारण काय, तर फ्रिजला पडलेलं भोक. पिस्तूल पुसताना सुटते एखादी गोळी, माणूस आहे. फ्रिज अजून चालतो. आज तिचा फोन आला. रविवारी चर्चच्या जेवणाला ये म्हणाली, जमलं तर तुझ्याबरोबर घरी येते. फक्त ते पिस्तूल आणू नकोस. मी लगेच हो म्हणालो. म्हणजे पिस्तुलाचं कंबरेचं म्यान, होल्स्टर, बाद. ते शर्टाखाली टेंगळासारखं दिसतं.

४ मार्च
बेल्टची क्लिप आणली. थेट पिस्तुलालाच बसते, होल्स्टरची भानगडच नाही. दुकानदार ड्युएन म्हणत होता, हॉलिस, यात चाप उघडा राहतो, शर्ट अडकला तर बसायची जागा उडेल. त्याला महागडं होल्स्टर खपवायचंय. मला कळत नाही होय!

६ मार्च
आरशासमोर तालीम. काही म्हणजे काही दिसत नाही. मलाच वाटलं, गेलं कुठे? पँटमधून घसरून गुडघ्यापाशी गेलं होतं. बेल्ट आवळला. श्वास बेताने घ्यावा लागतो, पण पोट आत जातं. मार्लीनला आवडेल.

८ मार्च
बसता येत नाही. चर्चमध्ये मागे उभा राहीन, लोकांना भक्ती वाटेल. दारात सगळे मिठ्या मारतात, त्याचाही विचार झालाय. पिस्तूल उजवीकडे, मी झुकणार डावीकडून. फ्रिजच्या भोकावर चिकटपट्टी लावली. तिला घर नीट दिसायला हवं.

९ मार्च, दुपार
कुणालाही दिसलं नाही. क्लिप झकास.
मार्लीनने मॅकरोनी आणली होती, कडा मला आवडतात तशा करपवून. तिची कपड्यांची बॅग तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर होती, मी स्वतः पाहिली. मग ती आली आणि डावं-उजवं काही न बघता मला घट्ट बिलगली. हात कंबरेपाशी येऊन थांबला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "हॉलिस, एवढं एकच मागितलं होतं रे."
होल्स्टर नाही, नुसती क्लिप आहे, असं मी समजावलं. तिने मॅकरोनीचं भांडं माझ्या हातात दिलं आणि बहिणीच्या घराकडे गाडी वळवली. बॅग मागच्या सीटवर तशीच होती.

९ मार्च, संध्याकाळ
भांड्यातलं निम्मं खाल्लं. उभ्यानेच. मग पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. आता लपवायचं तरी कुणापासून?