ओरोन्झोची जागा रिकामी ठेवावी

मी, क्रेशेन्झा स्गोब्बा, दिवंगत पोम्पेओ न्हावी यांची थोरली मुलगी, वय एकोणऐंशी, राहणार सान्नाचे गाव, फुटक्या कारंज्याची गल्ली, डोकं ठिकाणावर असताना, कोणी पढवलेलं नसताना आणि कोणाला भीत नसताना हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेणारे नोटरी लात्तान्झिओ साहेब. त्यांना मी आधीच बजावलं आहे की माझी वाक्यं इस्त्री करायची नाहीत. छातीत पाणी साचलं आहे. डॉक्टर म्हणतात, पुढचा वसंत दिसणार नाही. बघायचा होता कोणाला? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर तो माझा भाऊ असेल, आणि तो खोटं बोलत असेल.

माझा नवरा बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथेच राहिला, जमिनीखाली. एकुलता एक मुलगा ओरोन्झो बारा वर्षांपूर्वी इथल्या दगडखाणीत कडा कोसळून गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. रक्ताचं म्हणून उरला तो धाकटा भाऊ काताल्दो, गावच्या बँडचा मास्टर. ओरोन्झोला पुरलं त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

कलम पहिलं. पोस्टातल्या पैशांतून माझं क्रियाकर्म करावं, उरेल ते खाणीत नवरे गेलेल्या बायकांत वाटावं. अंगावर काळा लोकरी झगा घालावा. लिलीची फुलं नकोत, त्यांच्या वासाने मला मळमळतं.

कलम दुसरं. सून डोनाटा हिला माझ्या कानातल्या कुड्या आणि तांब्याची भांडी. तिने तोरिनोला जाऊन दुसरं लग्न केलं, बरं केलं. त्यावरून गावात ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली त्यांना मी फुटकी बशीसुद्धा ठेवलेली नाही. त्यांनी समजून जावं.

कलम तिसरं. सूर लावायचा लोखंडी चिमटा शेजारीण पास्क्वालीना हिला. तो गुडघ्यावर आपटला की 'ला' हा स्वर देतो. पास्क्वालीना चाळीस वर्षं चर्चमध्ये त्या स्वराच्या जरा खाली गाते आहे आणि तिथून हलायला तयार नाही. बाई, निदान मी गेल्यावर तरी वर ये.

ठेका मोजायचं लंबकाचं यंत्र पाद्री एलिजिओ यांना. ते लंगडं झालं आहे, एक टोला लांब पडतो, एक आखूड. ओरोन्झोला पुरलं त्या दिवशी पाद्रीबाबांनी प्रार्थना उरकली ती बिशपसाहेबांचं जेवण निवेल म्हणून. त्यांची लय या यंत्राने आणखी बिघडणार नाही.

कलम चौथं. काळा फळा गावच्या शाळेला. त्याच्यावरच्या पाच ओळी माझ्या बापाने खिळ्याने कोरलेल्या आहेत, कारण खडूच्या ओळी दुकानातल्या वाफेने पुसायच्या. आमच्या गावात जो दाढी करायचा तोच स्वर शिकवायचा. एका खुर्चीत गिऱ्हाईक, समोरच्या बाकावर पोरं, आणि बापाच्या हातात वस्तरा. मी पडद्यामागे टॉवेल धुवायचे. धुता धुता सगळं माझ्या कानात गेलं. पुढे बापाचा हात कापायला लागला तेव्हा तो बाक माझ्याकडे आला, कारण काताल्दोला शिकवण्याचा कंटाळा, त्याला पुढे उभं राहून काठी हलवायची होती. बँडमध्ये बाईला जागा नव्हती. बँड घडवायला होती.

नव्या मास्तरीणबाई पोरांच्या हाती पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या बासऱ्या देतात असं ऐकते. त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आमच्याकडे वर्षभर वाद्याला हात लावायचा नाही. दो, रे, मी, फा हे नुसतं म्हणायचं, गायचंसुद्धा नाही, आणि हाताने मात्रा मारायची. खाली, आत, बाहेर, वर. पूर्ण स्वर चार मात्रांचा, अर्धा दोनचा, पाव एका मात्रेचा. स्वरापुढे टिंब दिलं की तो निम्म्याने वाढतो. तोंड चुकलं तर मी कान पिळायचे नाही. हात थांबला तर मात्र सरळ घरी पाठवायचे. आणि जेवढ्या लांबीचा स्वर, तेवढ्याच लांबीचा विराम असतो, त्याची खूण वेगळी. पोरं विराम आला की नाक पुसायची, खिडकीतून बघायची. मी ओरडायचे, "विराम म्हणजे सुट्टी नाही रे गाढवांनो, तोही मोजायचा!"

ओरोन्झो त्याच बाकावर शिकला. एकदा मला म्हणाला, "आई, विरामात मी काय करू?"

"मोज."

"पण मी वाजवतच नसलो तर लोकांना काय कळणार मी मोजतोय ते?"

"बरोबर वेळेला परत आलास की कळेल."

लाडकं पोर होतं. आता पुढचं लिहा.

कलम पाचवं, घराचं. हे घर माझं, बापाने माझ्या नावावर केलेलं. खालची खोली म्हणजे जुनं दुकान, तिथे बँडची तालीम चालते. भाऊ रोज खाली येतो, मी रोज वर असते, मधे एक जिना. मी मेल्यावर बँडचं काय करायचं ही चिंता त्याला लागली आहे, मला ठाऊक आहे. बारा वर्षं खोकून खोकून जिन्यातून कळवतो आहे.

आमच्या बँडचा रिवाज बापाच्याही आधीचा आहे. वाजवणारा मेला की प्रेतयात्रेत त्याची ओळीतली जागा मोकळी ठेवून चालायचं, आणि शोकमार्चमधला त्याचा भाग कोणीही वाजवायचा नाही. तिथे विराम. बाकीचे आपापलं वाजवतात. ऐकणाऱ्याला संगीताला पडलेलं भोक ऐकू येतं, आणि यायलाच हवं. बापाच्या वेळी पहिलं क्लॅरिनेट गप्प होतं. सगळं गाव त्या गप्प क्लॅरिनेटसाठी रडलं.

ओरोन्झो फ्लिकोर्नो हे फुंकायचं पितळी वाद्य वाजवायचा. तुतारीपेक्षा जाड, माणसाच्या गळ्याजवळचा आवाज. बापानेच रचलेल्या शोकमार्चमध्ये मधला भाग असा आहे की सगळे हळू होतात, मोठा ढोल आणि तळाची पितळी वाद्यं तेवढी पाऊल धरून ठेवतात, आणि फ्लिकोर्नो एकटा बोलतो. तो भाग रिकामा राहिला तर नुसती पावलं ऐकू येणार. मी तयारीने गेले होते. शवपेटीमागे मी, माझ्यामागे बँड. मयताच्या माणसांनी मागे वळून बघायचं नाही, हाही आमचा रिवाज. मधला भाग आला. शालीखाली हात धरून मी मात्रा मारायला लागले. म्हटलं, आता माझं पोर ऐकू येईल.

आणि फ्लिकोर्नो वाजला. पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता. मी वळले नाही. माझा हात थांबला. आयुष्यात तेवढाच एकदा.

स्मशानाच्या फाटकाशी मी भावाला गाठलं. "कोण होता तो?"

"ताई, आत्ता नको."

"भाड्याचा आणलास? शेजारच्या तोर्रेक्यूसाहून?"

"बिशप आले होते ताई. मार्च मधेच उघडा पडला असता. लोक काय म्हणाले असते?"

"लोक म्हणाले असते, ओरोन्झो गेला!"

तेव्हापासून तो विषय ज्याने काढला त्याला मी दार दाखवलं आहे, पाद्रीबाबांनासुद्धा.

म्हणून अट अशी. माझ्या प्रेतयात्रेत बँडने तोच मार्च वाजवावा आणि त्यात ओरोन्झोचा भाग रिकामा ठेवावा. ठेवला तर घर वरखाली सगळं बँडचं. एक स्वर जरी भरला तरी घर तोर्रेक्यूसाच्या बँडला जाईल, ज्यांची क्लॅरिनेटं मुंडी पिरगाळल्यासारखी ओरडतात. भाऊ मग तालमीला त्यांच्या परवानगीने येईल. खातरजमा नोटरीसाहेबांनी स्वतः चालत येऊन करावी. ते म्हणतात, त्यांना संगीतातलं काही कळत नाही. मी म्हटलं, भोक कळायला शिकावं लागत नाही.

इथे गुरुवारी सही केली होती.

पुरवणी, सोमवारची. साक्षीदार तेच. हिला पहिल्या कागदाइतकाच मान द्यावा.

आमच्या गावात पाव भट्टीतून बाहेर यायच्या आत बातमी बाहेर येते. काल, रविवारी, काताल्दो जिना चढून वर आला. हातात वालासारख्या फाव्याच्या शेंगांची दाट आमटी, वर कडू पाला, जशी आई करायची. म्हातारा झालाय. खालून नुसता खोकला ऐकायचे, तोंड बघितलं नव्हतं.

"घर तोर्रेक्यूसाला देणार म्हणे," तो म्हणाला.

"तुझ्या हातात आहे."

तो खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर. "ताई, तो भाड्याचा नव्हता."

"मग कोण होता?"

"मी."

मला वाटलं छातीतल्या पाण्यामुळे चुकीचं ऐकलं. तो सांगत गेला. त्या दिवशी त्याने काठी ढोलवाल्याकडे दिली, तालमीच्या खोलीत टांगलेला ओरोन्झोचाच फ्लिकोर्नो काढला आणि ओरोन्झोच्या जागी उभा राहिला. सगळ्या बँडने पाहिलं, सगळ्या गावाने पाहिलं. पाठ होती ती माझी एकटीची.

"आणि ते बिशपचं?"

"तोंडाला आलं ते बोललो. पोराला मी खांद्यावर बसवून मिरवलंय ताई. तो भाग येणार आणि तिथे काहीच नाही, हे माझ्याने ऐकवलं नसतं. म्हणून भरून टाकलं."

"तुला ऐकवलं नसतं! अरे, मला ऐकायचं होतं ना! त्या अख्ख्या दिवसात तेवढंच माझ्या मुलाचं होतं, काताल्दो. तेही तू वाजवून टाकलंस."

"हो."

"बारा वर्षं का नाही सांगितलंस मेल्या?"

"सांगू दिलंस? तू दार लावतेस तेव्हा वर खिट्टीपण घालतेस."

मग तो रडला. मी रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही. मलाही रडायचं होतं, पण खोकल्याने मधे तोंड घातलं. आमटी गार झाली, तशीच खाल्ली. मीठ कमी होतं, तसं त्याला सांगितलं.

नोटरीसाहेब आत्ता विचारतात, माफ केलं असं लिहू का? लिहू नका. मला माहीत नाही.

हे लिहा. ओरोन्झोचा फ्लिकोर्नो मी भाऊ काताल्दो यास देते. घराची अट कायम, तिच्यात एवढी भर घालते. माझ्या प्रेतयात्रेत काताल्दोने काठी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि ओळीत ओरोन्झोच्या जागी चालावं. फ्लिकोर्नो डाव्या काखेत धरावा. मधला भाग आला की तो ओठांपाशी नेऊ नये. उजव्या हाताने मात्रा मारावी, खाली, आत, बाहेर, वर, तो भाग संपेपर्यंत. ढोल वाजेल, पावलं वाजतील, तो मोजेल. रडला तरी चालेल. हात थांबता कामा नये. या खेपेलाही मी पुढेच असेन, आणि मागे वळून बघणार नाही.

हे सगळं नोटरीसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी म्हटलं तसंच आहे. वाचत असताना भाऊ दाराशी उभा होता. घर त्याच्या बँडला जायचं म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही, नुसता उभा होता. पण उजवा हात विजारीच्या शिवणीवर हलतो आहे, मला खाटेवरून दिसतं. घाई करतोय. अजून वेळ आहे, सुधारेल.

सांगणारीची सही, हात कापत असल्याने वाकडी, पण तिचीच: क्रेशेन्झा स्गोब्बा

साक्षीदार: एर्मिनिया कार्रिएरी, औषधांच्या दुकानाची मालकीण
साक्षीदार: सावेरिओ दितोन्नो, पावभट्टीवाला

माझ्यासमक्ष सांगितलं, लिहिलं, वाचलं: नोटरी लात्तान्झिओ

सान्नाचे, सोमवार, ३० नोव्हेंबर १९८७