अंधार आधीचा आहे

प्रिय ठमे,

परवा फोन ठेवताना तू हसत म्हणालीस, "बाबा, आईला माशांनी पळवलं वाटतं. माझ्याशी बोलायला सवड नाही तिला." मीही हसलो. आईबद्दल गेले काही महिने तुला जे सांगत आलोय, त्यातले मासे तेवढे खरे आहेत. बाकीचं लिहायला हात जड होतोय, म्हणून आधी माशांचं लिहितो. तेवढं मला जमतं.

टाकी आईच्या शिवणाच्या खोलीत आहे. मशीन कोपऱ्यात सरकवलं आणि लोखंडी स्टँड मीच वेल्डिंग करून आणला, कारण पाणी भरल्यावर टाकी म्हणजे म्हशीचं वजन. जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे वाटलं होतं, पाणी खेळतं ठेवायचं एवढंच ना, त्यात काय मोठंसं. गर्वाचं घर खाली. मासे समुद्रातले, म्हणून सुरुवातीलाच मी स्वयंपाकघरातलं मीठ घालायला निघालो होतो. मासेवाला म्हणाला, "काका, मासे पाळायचेत की खारवायचेत?" हा मासेवाला खायचे नव्हे, पाळायचे मासे विकतो, मनाने चांगला, तोंडाने फटकळ. समुद्राच्या पाण्याचं मीठ वेगळं मिळतं. ते कालवायचं, दगड रचायचे आणि पाणी नुसतंच फिरवत ठेवायचं. माशांची घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू दगडांत रुजले की मगच मासे. तोवर मी रिकाम्या टाकीपुढे बसून पाणी बघायचो, आणि ते जरा खाली गेलं की मायेने मिठाचंच पाणी वरून ओतायचो. त्यावरही बोलणी खाल्ली. "पाणी उडतं, काका, मीठ आतच राहतं. वरून साधं पाणी घाला, नाहीतर होईल खारट चिखल."

मासे म्हणशील तर काळेसावळे, वीतभरही नाहीत. दिवसा बाजारात दिसले तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण डोळ्याखाली घेवड्याच्या बीएवढा निळसर दिवा असतो, आणि तो ते मनात येईल तेव्हा झाकतात, मनात येईल तेव्हा उघडतात. चौघं मिळून फिरायला लागले की वाटतं, अंधारात कुणी निळ्या विड्या ओढत येरझारा घालतंय. तू फोटो मागत राहिलीस आणि मी सांगत राहिलो की उजेड पडला की ते दगडाआड जातात. ते खरंच आहे. पण खोलीतला अंधार माशांसाठी नाही, ठमे. अंधार आधीचा आहे.

आईने पडदे ओढून घेतले त्याला आता हिवाळा उलटून गेला. आधी शिवण थांबलं, मग लोकांची कापडं न बेतताच परत गेली, मग केस विंचरणं राहिलं. हाक मारली की ओ देते, ताट पुढे ठेवलं की दोन घास खाते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. ताप नाही, खोकला नाही. कुणाला काय सांगणार? समोरच्या बाईंनी सहज विचारलं, दिवसाढवळ्या पडदे का हो, तर मी विषयच बदलला. त्याच सुमारास मासेवाल्याचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो, तिथे मागच्या काळोख्या खोलीत हे मासे पाहिले. पंप राहिला बाजूला. मला वाटलं, सापडलं. लोक हौसेने मासे आणतात, मी निमित्त आणलं.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. मी दारात उभा राहून दबक्या आवाजात सांगायचो, उजेड यांना सोसत नाही, हळू या, बिचकतात. आणि आई तिथेच, टाकीपलीकडच्या खाटेवर, डोक्यावरून पांघरूण घेऊन. माशांपायी जागरणं करते, म्हणून झोपलीय, असंही मीच सांगितलं. कुणाला खोटं वाटलं नाही. तुलाही नाही. एकदा सगळे गेल्यावर पांघरुणातून आवाज आला, "मला झाकायला एवढा खटाटोप कशाला केलात? सांगितलं असतंत तर खाटेखाली गेले असते." मी पंपाला कान लावून बसलो, जसं काही त्याचंच काही बिघडलंय. तेव्हापासून तिच्यापुढे चहाचा कप ठेवतानासुद्धा माझी मान वर होत नाही.

मध्यंतरी एका माशाचा दिवा मंदावला. मला ते कळलंच नाही. अंधाराला सरावलेले डोळे तिचे. ती आपणहून उठून बसली आणि म्हणाली, "त्या दगडाआडच्याला बाकीचे खाऊ देत नाहीत. उपाशी आहे तो." मासेवाल्यानेही तेच सांगितलं, आणि वर म्हणाला की उपासाने दिवा एकदा पार विझला तर मासा जगेलही, पण दिवा पुन्हा लागेल याचा भरवसा नाही. घरी येऊन मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आपण डॉक्टरांकडे जाऊ या. तिने टाकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "येते. पण आधी पोरीला खरं लिहा. फोनवर नको, फोनवर तुम्ही मासे सांगत बसता." म्हणून हे पत्र. इथवरचं तिला वाचून दाखवलंय. "मी निमित्त आणलं" हे वाक्य मी गाळणार होतो. ती म्हणाली, राहू द्या. त्या माशाला आता ती लांब चिमट्याने वेगळं भरवते. जमेल तशी ये, डॉक्टरांकडे तिघं जाऊ. मासे बघायला आले असं कुणाला सांगू नकोस, मीही सांगणार नाही. आत आल्यावर आधी काहीच दिसणार नाही. घाबरून दिवा लावू नकोस, दारातच थोडी थांब. पहिल्यांदा मासे दिसतील. मग आई दिसेल.

तुझाच,
मासे सांगत बसलेला बाबा