न्हाणीघरातली दांडी

तीर्थरूप आईस,
गुडघे कुरकुरतात, तरी वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. सरकारी पूल तपासण्याची एकतीस वर्षांची नोकरी गेल्या महिन्यात संपली, पण पाय घरात ठरत नाहीत. फिरायला निघालो की पुलाखाली वाकून भेगा बघतो. तुझी सून म्हणते, "अहो, पूल आता दुसऱ्याच्या गळ्यात आहे!"

शनिवारी मात्र काम असतं. आमचं मंडळ इथल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात आधाराच्या दांड्या फुकट बसवून देतं. प्रत्येक दांडीला मी स्वतः लोंबकळून बघतो. परवा एक आजी म्हणाल्या, "तुमची आई नशीबवान!" मला मान वर करवेना.

तू न्हाणीघरात घसरलीस, हे ताईच्या पत्रात ओझरतं आलं. फोनवर तू म्हणालीस, "जरा खरचटलं." खरं सांग, वेणी घालताना हात वर जातो का?

इथल्या पुलांच्या भेगा मला पाठ आहेत. आपल्या न्हाणीघराची भिंत विटांची की दगडाची, ते मात्र आठवेना. ताईला मापं घ्यायला लावू नकोस. तिकीट काढलंय, दांडी बॅगेत भरली आहे. तोवर बसूनच आंघोळ कर.

उशिरा जाग आलेला,
तुझा धाकटा