वेन्डलच्या ट्रकचा आवाज

२२ सप्टेंबर

गाई आल्या नाहीत.

वर खोऱ्यात ट्रक नेला. वेन्डल लावायचा त्याच सपाट खडकापाशी लावला. इंजिन तीनदा रेस केलं, थांबले, पुन्हा तीनदा. पलीकडच्या उतारावर सात-आठ दिसत होत्या. एकीने मान वर केली, बघितलं, आणि परत खाली घालून चरायला लागली. जशी काही मी टपाल टाकायला आले होते!

मागे गवताचे दोन गठ्ठे होते. तसेच परत आणले.

२३ सप्टेंबर

बसवत नाही. सकाळपासून चार वेळा अंगणात जाऊन आले, एकदाही कशासाठी ते आठवलं नाही. नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थांबेल.

एकसष्ट गाई. त्यातली हॅटी पाय दुखतो म्हणून उन्हाळाभर घरच्याच वाड्यात. चौतीस शेजारच्या ऑडराने तिच्या कुत्र्यांच्या जोरावर गेल्या आठवड्यात खाली आणून दिल्या. सव्वीस वर राहिल्या. वणव्यात जळालेल्या त्या रानात सगळी खोडं आडवी पडलेली — घोडा जात नाही, आणि कुत्रं शिरलं की गाई आणखी आत शिरतात. जंगलखात्याच्या परवान्यावर शेवटची तारीख दहा ऑक्टोबर. बर्फ त्याच्या आधीही येतो.

त्या सव्वीस वेन्डलने कधी हाकल्या नाहीत. ट्रक वर न्यायचा, तीनदा रेस करायचा आणि गठ्ठ्यावर बसून सफरचंद खायचा. त्या आपल्या एकामागून एक रानातून बाहेर. हिवाळ्यात रोजचा चारा, उन्हाळ्यात चाटायचं मीठ, सगळं त्याच ट्रकमधून. वासरं तो आवाज ऐकतच मोठी झाली. हार्लोच्या दुकानात त्याला हसायचे. "वेन्डल गाई हाकत नाही, जेवायला बोलावतो."

ऑगस्टमध्ये क्लेटनने सायलेन्सर बदलला. माझ्या वाढदिवसासाठी. सगळं सामान बॉयसीहून आणलं आणि दोन दिवस गाडीखाली पाठीवर पडून होता माझा पोरगा. आत कप्पे असलेला मोठा डबा, तिथून लांब पाईप पार मागच्या बंपरपर्यंत. आता ट्रक शिवणयंत्रासारखा चालतो. मी त्याला जवळ घेतलं, छान झालं म्हटलं.

वेन्डलला जाऊन आठ महिने झाले. क्लेटनशी तेव्हाच ठरलंय. या वर्षी गाई मी खाली आणल्या तर ठेवायच्या. नाही जमलं तर विकायच्या आणि मी बॉयसीला त्याच्या घरी मागच्या खोलीत जायचं. शब्द मीच दिला होता. तेव्हा वाटलं, त्यात काय मोठंसं.

२४ सप्टेंबर

क्लेटनला फोन केला.

"काढून टाकू म्हणतेस? आई, अगं बोटं सोलून निघाली होती माझी."

"गाई ओळखत नाहीत रे त्या आवाजाला."

"गाई." मग म्हणाला, "तूच म्हणायचीस ना, या आवाजाने डोकं उठतं. मी सहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय."

खरं आहे. बटाटे सोलता सोलता रोज म्हणायचे, आले बघ तुझे बाबा, अख्ख्या तालुक्याला कळवत. वेन्डललाही म्हणायचे — एकदा तरी ते धूड गप्प कर. तो म्हणायचा, करतो. तीस वर्षं करतो म्हणत होता. मुलाने दोन दिवसांत केलं.

जुना सायलेन्सर कुठे टाकलास म्हणून विचारलं. भंगारात. त्या भंगाराची केव्हाच यंत्रात दाबून वीट झाली.

मी त्याला रागावले नाही. पण फोन नीट ठेवलाही नाही.

२६ सप्टेंबर

ऑर्व्हिलच्या गॅरेजात. त्याने ट्रक वर उचलला, खाली उभा राहून बराच वेळ न्याहाळला.

"काम चांगलं केलंय पोराने."

"माहीत आहे. ते मला नकोय."

"मग काय हवंय?"

"आधीचा आवाज."

हात पुसत माझ्याकडे बघितलं त्याने. "लोर्ना, तो आवाज कुणी बनवला नव्हता. तो होत गेला."

मग त्याने सांगितलं. मला निम्मं माहीत होतं, निम्मं नाही. कंपनीचा पाईप लांब होता, मागपर्यंत. एक्क्याण्णव साली ओढ्यातल्या दगडावर वेन्डलने तो फाडला. ऑर्व्हिलने पाईप उजव्या मागच्या चाकाच्या अलीकडेच कापला आणि मध्ये एक सरळ नळीचा सायलेन्सर बसवला. आत भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचेचा कापूस, वरून पत्रा. आवाज त्या कापसात मुरतो. पण कापूस टिकत नाही. दर वर्षी थोडा जळतो, थोडा धुराबरोबर उडून जातो. आवाज दर वर्षी थोडा घोगरा होतो. शिवाय इंजिनाला पाईप जोडलाय तिथे एक बोल्ट तुटला होता, म्हणून थंड इंजिन टक टक करायचं.

"बोल्ट तू बदलला का नाहीस?"

"तो बदलू देईल तर ना. म्हणायचा, आवाज बिघडेल."

माझ्याशी हे कधी बोलला नाही. मला वाटायचं आळस.

२७ सप्टेंबर

आज सायलेन्सर काढून नुसता पाईप ठेवून बघितला. ऑर्व्हिलचं म्हणणं, जुन्यात तसंही काही उरलं नव्हतं.

परीक्षक म्हणून हॅटी. दुसरं कोण आहे! अकरा वर्षांची आहे, जन्मापासून तो ट्रक ऐकलाय. ठरवलं की रस्त्याच्या वळणावरून ट्रक आणायचा आणि ती काय करते ते बघायचं.

मी वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला तसा पाईपातून फटाका निघाला, पाठोपाठ आणखी दोन. शिकाऱ्यांचे दिवस आहेत, डोंगरात रोज बंदुका वाजतायत. हॅटीने लंगडता पाय विसरून पलीकडचं कुंपण गाठलं. फाटकाशी उभा असलेला ऑर्व्हिल टोपी काढून म्हणाला, "पायाला उतार पडलेला दिसतोय."

हसले. जानेवारीनंतर असं तोंड उघडून पहिल्यांदाच बहुतेक.

२९ सप्टेंबर

वर डोंगरमाथ्यावर पांढरं दिसतंय. खाली पाऊस.

१ ऑक्टोबर

ऑर्व्हिलने तसाच सायलेन्सर मिळवला. तोच आकार, तेवढीच लांबी. बसवला. आवाज जाड, गोल, एखाद्या बँकेच्या माणसाचा असावा तसा. हॅटीने बघितलंसुद्धा नाही.

"कापूस नवा आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "तीस वर्षं चालव, येईल."

"माझं वय काय, तुझं वय काय."

"म्हणूनच सांगतोय."

फिरत्या वाचनालयाची गाडी आली होती. आवाजावरचं एक पुस्तक मागून ठेवलं होतं, ते मिळालं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली माझी. तेव्हापासून गाडीतून येईल ते वाचत आले — निम्मं कळतं, उरलेलं चार दिवसांनी भांडी घासताना कळतं. यात चर्चमधल्या बाजाच्या नळ्यांवर एक प्रकरण आहे. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर. तीन वेळा वाचलं आणि उठून बाहेर जाऊन गाडीखाली वाकून बघितलं. क्लेटनचा मागचा पाईप अजून तसाच आहे! आम्ही डबे बदलत बसलो आणि पाईप पार बंपरपर्यंत. आवाज निघतोच चुकीच्या ठिकाणाहून.

गुडघ्यांना चिखल. ऑर्व्हिलला फोन केला. म्हणाला, "अरे देवा. कापला मीच होता आणि विसरलोही मीच."

३ ऑक्टोबर

पाईप चाकाच्या अलीकडे कापला. नवा सायलेन्सर उभा चिरला. आतला कापूस आकड्याने ओढून काढला, मूठभर गुंते इकडेतिकडे तसेच राहू दिले, पत्रा पुन्हा जोडला. मग ऑर्व्हिलने पाना उचलला आणि क्लेटनने घट्ट बसवलेला बोल्ट हळूहळू सैल करत गेला. "आयुष्यात पहिल्यांदाच पैसे घेऊन गाडी बिघडवतोय."

टक टक यायला लागली.

वळणावरून आणला. हॅटीने मान वर केली, कान पुढे, आणि चालत कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मग हंबरली. रागाने — चारा कुठाय.

ऑर्व्हिलने माझा हात हातात घेऊन हलवला. मी हसले. पण तो आवाज तो नाही. मला कळतंय. जवळचा आहे, चुलतभावासारखा. हॅटीला चालतोय म्हणून गप्प बसले. घरी येताना ट्रक एकदा हळू, एकदा जोरात चालवून बघितला, खिडकी उघडी ठेवून, मग बंद करून. नाहीच.

४ ऑक्टोबर

कपाटं आवरली. पुन्हा होती तशीच लावली.

५ ऑक्टोबर

ऑडरा आली, एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा घेऊन. ती बत्तीसची आहे. आजोबांचं रान तिच्या वाट्याला आलंय, गुरं मात्र तिच्या भावाने विकून टाकली. एवढं रान आणि दोन घोडे, तीन कुत्री! तिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल.

"माझे आजोबा मेंढ्यांना शीळ घालायचे," ती म्हणाली. "दातांची कवळी बसवली तर मेंढ्या येईनात. मग मेंढ्या आणायच्या असल्या की कवळी खिशात."

मग म्हणाली, "वर कोण जाणार?"

"मीच."

"आणि खालच्या फाटकावर कोण? मोजणार कोण? मला तुमच्या गाई एकसारख्याच दिसतात हो."

बरोबर बोलली. गाई फाटकातून घेताना मी खांबाशी उभी राहायची, कोण आलं कोण राहिलं ते तोंडावरून सांगायची. वेन्डललाही एवढ्या ओळखता येत नसत. गेल्या वेळी मी एकटी दोन्ही करायला निघाले होते. मूर्खपणा.

ट्रक ऑडरा नेणार. परवाची सकाळ.

६ ऑक्टोबर

क्लेटनचा फोन. मागची खोली रंगवून घेतली म्हणे, फिका पिवळा. "रंग नाही आवडला तर बदलू आई." छान असेल म्हटलं.

खालीही बर्फ सांगितलाय. आठ तारखेला.

७ ऑक्टोबर

सातला ऑडरा ट्रक घेऊन वर गेली. दोन गठ्ठे मागे. मी छोट्या गाडीने फाटकाशी. थर्मासमध्ये कॉफी. टॅमरॅकची झाडं पिवळीधमक, वारा नाही.

नऊ वाजले. वरून रेस ऐकू आलं — तीनदा. अगदी बारीक. मग काही नाही. पुन्हा तीनदा. कॉफी ओतली, पिता आली नाही. साडेनऊ. बर्फाच्या आधी असतो तसा आभाळाचा रंग. पिवळ्या खोलीत माझं पुस्तकांचं कपाट कुठल्या भिंतीला लागेल ते मनात मोजून झालं होतं.

दहाच्या सुमाराला ट्रक खाली यायला लागला. आधी डोंगराच्या पलीकडून, मग वळणावर, मग ओढ्यात. उतारावर पाय सोडला की फट् फट्, दगडावर चढताना घोगरा, घसा खाकरल्यासारखा. मी खांब धरला.

तोच.

चार दिवसांपूर्वीचाच पाईप, तोच चिरलेला डबा, मूठभर कापूस. काही बदललेलं नाही. मी दोन आठवडे चालकाच्या जागेवर बसून तो आवाज शोधत होते. तिथून मी तो कधी ऐकलाच नव्हता. म्हणजे जानेवारीनंतर ऐकला, चारा घालताना, पण ते ऐकणं नव्हे. तीस वर्षं तो माझ्याकडे येताना ऐकला होता.

मागे गाई. आधी जुन्या, मग वासरंवाल्या. मोजलं. डोळे पुसावे लागले, म्हणून आकडा चुकला, ऑडराला ट्रक थांबवायला लावून वाड्यात पुन्हा मोजल्या. सव्वीस. शिवाय कुणाचा तरी एक लाल बैल, तोही जेवायला आला होता.

ऑडरा खिडकीतून ओरडली, "आल्या ना हो सगळ्या?"

सगळ्या, म्हटलं.

८ ऑक्टोबर

बर्फ. दुपारपर्यंत वीतभर.

क्लेटनला कळवलं. "म्हणजे ठेवणार तू गाई," म्हणाला. आवाज खाली गेला, पण मग म्हणाला, "बाबा खूश झाले असते." सायलेन्सरबद्दल सॉरी म्हणाला. मी म्हटलं, तू माझं ऐकलंस, एवढीच तुझी चूक. तो हसला. खरंतर तीस वर्षांत त्या एकट्यानेच माझं ऐकलं.

११ ऑक्टोबर

ऑडराकडे जाऊन आले. गाई घे म्हटलं, एकसष्टच्या एकसष्ट. आणि ट्रक — त्याच्याशिवाय त्या यायच्या नाहीत. ती म्हणाली, "पण लोर्ना, तुम्ही तर आणल्यात ना खाली." हो, आणल्या. पण चालवणारी मीच असले तर येताना ऐकणार कोण? बॉयसीलाही जात नाही, क्लेटनला सांगितलं, घर राहील. चारा आमच्याच कोठारात भरलेला आहे, तो न्यायला ट्रकला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच यावं लागतं. वसंत येईपर्यंत रोज. कधी येऊ, तिने विचारलं. सातला ये म्हटलं.